भुयाराची नवी आवृत्ती

चालू खेळात मी नियमांचं पुस्तक बदललं. खेळायला तीनच रविवार उरले असताना बदललं, कुणी मागितलं नसताना बदललं, आणि वर बदलताना एक छोटंसं भाषण केलं.

नुसतं पुस्तक बदललं असतं तर लोकांनी कदाचित सोडून दिलं असतं. भाषण मात्र कुणी विसरलं नाही. पण माझाही इलाज नव्हता. मी तेव्हा वसईतल्या एका शाळेत गणित शिकवत असे. आठवडाभर वर्गभर मुलांनी नाइलाजाने ऐकून घेतलं की रविवारी माणसाला वाटायला लागतं, आपण बोलतो ते ऐकण्यासारखं असतं.

आधी खेळ सांगतो, कारण त्या काळी आमच्याकडे खेळ म्हणजे फुटबॉल, कॅरम आणि चर्चच्या सणाला हाऊजी, म्हणजे तंबोला. आमचा खेळ वेगळाच. चार माणसं बसायची. त्यातला एक सूत्रधार, म्हणजे मी. सूत्रधाराकडे एका भुयाराचा नकाशा असतो आणि तो कुणाला दाखवायचा नसतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि तोंडाने सांगतात, मी दार ढकलतो, मी मशाल पुढे धरते. दारामागून काय निघालं ते सूत्रधार सांगतो. जमलं की फसलं हे आकडा काढून ठरतं. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. माझ्या आईने पहिले काही रविवार दारातून बघितलं आणि निष्कर्ष काढला, की चार घोडी भातुकली खेळताहेत, फक्त भांडी आणायची विसरलीत. एवढं अचूक वर्णन मला पुढे कुठल्याही आवृत्तीत वाचायला मिळालं नाही.

खेळ आणला माझ्या चुलतभावाने. तो बोटीवर होता. आमच्या गावात बोटीवरचा माणूस सुट्टीवर आला की घराघरात साबण, चॉकलेटं नाहीतर टेपरेकॉर्डर पोचतो. मला मिळालं एक पातळ पुस्तक, कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारातून उचललेलं. "तुला वाचायची खाज आहे ना, घे," असं म्हणून त्याने ते माझ्या हातात कोंबलं आणि माझ्या वाटणीचा साबण दुसऱ्या चुलतभावाला दिला.

खेळणारे तिघं. नावं घेत नाही, कारण तिघंही ठणठणीत आहेत आणि माझ्याविषयी सांगण्यासारखं त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. पात्रांवरूनच ओळख करून देतो. शिपाई मिठागराच्या बाजूच्या गावातला, शाळेत माझ्या बाकावर बसलेला, आता एका गोदामात कामाला. पुजारी निर्मळ गावच्या देवळाजवळचा, घरची केळीची आणि फुलांची वाडी, सायकलच्या मागे मोगऱ्याची करंडी. आणि जादूगारीण म्हणजे आमची शेजारीण, इस्पितळात नर्स. देवळाच्या सावलीत वाढलेल्याने कुठल्यातरी परदेशी देवाचा पुजारी व्हायचं आणि चर्चमधली एकही मिस्सा न चुकवणारीने चेटूक करायचं, हे वाटप त्यांनी आपसात केलं, मला विचारलंही नाही. तिच्याकडे मंत्र एकच होता, झोपेचा. आठवडाभर वॉर्डात लोकांचं रक्त, पू आणि नातेवाईक बघितल्यावर तिला दुसरा मंत्र नकोच होता.

तर जुनी आवृत्ती. मधोमध पिना मारलेलं पुस्तक. चित्रं अशी, की खाली लिहिलं नसतं तर राक्षस कुठला आणि घोडा कुठला ते कळलं नसतं. नियम थोडे, आणि जे होते ते एकमेकांना ओळख न दाखवणारे. एका पानावर म्हटलेलं, पुढचं कोष्टक बघा. पुढे कोष्टक नाही. सगळ्या हत्यारांची जखम सारखीच. भाजी चिरायची सुरी आणि दोन्ही हातांनी उचलायची कुऱ्हाड यांत लिहिणाऱ्याने भेदभाव केला नव्हता. वार आधी कोणी करायचा? पुस्तक गप्प. लूट कशी वाटायची? गप्प. माणूस मेला तर? "पुजारी त्याला उठवू शकतो," एवढं एकच वाक्य, आणि त्यानंतरचं पान फाटलेलं.

पुस्तक जिथे गप्प बसायचं तिथे आम्ही बोलायचो. वार आधी कोणी करायचा हे आम्ही पाण्याच्या पाळीवरून घेतलं. आमच्याकडे वाड्यांच्या मधे बावखल असतं, गोड्या पाण्याचं तळं. शिंपण्याची पाळी लागते ती तळ्याला लागून असलेल्या वाडीपासून, मग पुढची, मग त्याच्या पुढची. मधे कुणी घुसत नाही, आणि घुसला तर त्याच्या नातवंडांच्या लग्नालाही त्याला कुणी बोलावत नाही. तसंच आमच्या ओट्यावर जो पायरीला लागून बसेल त्याची पाळी पहिली. त्यापायी रविवारचं जेवण अर्धवट टाकून माणसं पायरी धरायला यायची.

लुटीचा नियम शिपायाने आणला. त्याचे मामा होडीवर जाणारे. मासळी वाटतात तेव्हा माणसांचा वाटा असतो तसा होडीचा असतो, जाळ्याचा असतो. "मंग मशालीचा वाटा कुठं गेला?" त्याने पहिल्याच लुटीला विचारलं. "मशाल धरनारा मानूस त्या हातात हत्यार काय धरनार? त्याचा हात बांधला ना?" तेव्हापासून मशालीला एक वाटा.

पुस्तकासोबतचे फासे चुलतभावाच्या बोटीवरच कुठेतरी गडगडले होते. त्यांच्या जागी हाऊजीचे आकडे आले. जादूगारणीचे वडील सणाला हाऊजी चालवायचे. त्यांच्या जुन्या संचातले एकपासून वीसपर्यंतचे लाकडी आकडे कापडी पिशवीत टाकले, हात घातला की नशीब बाहेर. वीस निघाला की तिघंही "हाऊजी!" म्हणून ओरडायची आणि आई आतून विचारायची, "कुणाला लागली रे?"

असं चांगलं तीनेक वर्षं चाललं. पण स्वतःचं चांगलं चाललेलं मला फार दिवस बघवत नाही.

ईस्टर उलटला आणि जादूगारणीचं लग्न ठरलं. मुलगा आखातात नोकरीला. मे महिन्यात लग्न, आणि लगोलग तिकडे रवानगी. पेढ्यांचं पुडकं घेऊन ती आमच्याकडे आली, आईला पेढे दिले, आणि मला ओट्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"मास्तर, नीट ऐक. साड्या आई बघतेय. मांडव बाबा बघताहेत. नवरा त्याचं तो बघेल. मला एकच पाहिजे."

"काय?"

"तळ. भुयाराच्या तळाला काय आहे ते मला बघायचंय. लग्नाआधी."

"बघशील की."

"नुसतं 'बघशील की' नको. तीन वर्षं उतरतेय मी. एकेक दार, एकेक जिना. तिकडे वाळवंटात मला कोण खेळवणार, सासू?"

आमच्याकडे लग्न ठरलं की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार मिस्साच्या शेवटी घोषणा वाचतात, अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, कुणाची हरकत असल्यास कळवावी. तिने हिशेब तिथूनच धरला. पहिली घोषणा, दुसरी घोषणा, तिसरी घोषणा. तिन्ही रविवार दुपारी ती मोकळी. नंतरचा आठवडा पाहुण्यांचा. नकाशा माझ्याकडे होता. बघितलं तर खाली दोनच मजले उरले होते. एकेका रविवारी एकेक उतरलो असतो आणि तिसऱ्या रविवारी गप्पा मारायला वेळ उरला असता. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

त्याच आठवड्यात चुलतभाऊ परत सुट्टीवर आला. ह्या खेपेला माझ्यासाठी नवी आवृत्ती.

नवी आवृत्ती म्हणजे एक पुस्तक नव्हे, तीन. कडक पुठ्ठ्याची, चकचकीत कागदाची, तीनही एकदम उचलली तर खांद्यात कळ येईल एवढी. सोबत खरे फासे, निळे, चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. मी त्या तीन रात्री जे वाचन केलं त्याच्या निम्मंही बी.एड.ला केलं असतं तर आज मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो असतो.

काय नव्हतं त्यात! हत्यारं मोजून बघायचा मला कंटाळा आला. प्रत्येकाची जखम वेगळी, आणि समोरच्याने चिलखत कुठलं घातलंय त्यावरून ती आणखी वेगळी. ओझ्याचं कोष्टक. उपाशी चालण्याचं कोष्टक. पावसात मशाल विझण्याचं कोष्टक. खानावळीत भेटलेला अनोळखी माणूस कुठल्या धंद्यातला असेल, ह्याचंही कोष्टक. जुन्या आवृत्तीत राक्षस दारामागे बसलेला असायचा आणि का बसलाय ते विचारायची पद्धत नव्हती. नव्या आवृत्तीत त्याचं वजन, आवड, बायकोची उंची आणि पिल्लं किती, सगळं दिलेलं. शिरगणतीला आलेल्या शिक्षकालाही लोक एवढी माहिती देत नाहीत. तुम्हाला सांगतो, मी प्रेमातच पडलो. जुनं पुस्तक हातात घेतलं तर ते मला शिळ्या भाकरीसारखं वाटायला लागलं.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. अक्षर सुंदर होतं माझं.

पहिली घोषणा झाली. हरकत कुणी घेतली नाही. दुपारी तिघं ओट्यावर आली, पायरीसाठी रीतसर ढकलाढकली झाली, आणि मी ती तीन पुस्तकं मांडून उभा राहिलो. होय, उभा. म्हटलं, मित्रांनो, आजवर आपण अंधारात चाचपडत होतो.

"भुयारात दुसरं काय करनार?" शिपाई म्हणाला.

मी न थांबता पुढे गेलो. शास्त्रशुद्धता, न्याय, जगभरचे खेळाडू हेच खेळतात, आपणच तेवढे मागे का. दोन वाक्यं इंग्रजीतही बोललो असेन. पुजाऱ्याने करंडीतला उरलेला मोगऱ्याचा गजरा उचलला आणि गंभीरपणे माझ्या मनगटाला बांधला. "अध्यक्षांचे आभार," तो म्हणाला. "आता खेळूया?"

"खेळूच. आधी पात्रं नव्या नियमांत बसवायला लागतील."

"किती वेळ लागेल?" जादूगारणीने विचारलं.

"पाच मिनिटं."

आई चहा घेऊन आली तेव्हा दीड तास झाला होता. शिपायाच्या पाठीवरचं सामान नव्या कोष्टकाप्रमाणे जोखल्यावर कळलं, की इतकी वर्षं तो जे दोर, पहार, शिडी आणि दोन पिंपं तेल घेऊन पळत होता ते घेऊन माणसाला रांगतासुद्धा येत नाही. "मिठागरावर ये एकदा," तो म्हणाला. "बायकांच्या डोक्यावर किती ओझं असतं ते दाखवतो तुझ्या कोष्टकाला." पुजाऱ्याचा कोयता गेला. नव्या आवृत्तीत पुजाऱ्याने धारेचं हत्यार वापरायचं नाही, रक्त सांडायला बंदी. मात्र सोटा घालून डोकं फोडलं तर चालतं. "म्हणजे रक्त सांडत नाही?" नर्सने तिच्या व्यवसायातला प्रश्न विचारला. मी म्हटलं, पुस्तकात तसं आहे. मशालीचा वाटा गेला. पाळी गेली; आता दर वाराआधी प्रत्येकाने फासा टाकायचा आणि ज्याचा मोठा तो आधी.

"मग मी जेवण टाकून पायरीवर कशाला बसलोय?" पुजारी म्हणाला.

"हाऊजीची पिशवी?" जादूगारणीने विचारलं.

"घरी ने. आता खरे फासे आहेत."

तिने पिशवीची नाडी ओढली आणि ती मांडीवर घेऊन बसली.

चहाचे कप उचलायला आलेल्या आईने पुस्तकांकडे बघितलं. ती मिस्सा लॅटिनमधे असतानाची बाई. मिस्सा मराठीत आल्यावरही तिने कित्येक वर्षं उत्तरं लॅटिनमधेच दिली. म्हणायची, देवाला ती भाषा येत होती, आता त्याला ह्या वयात मराठी कोण शिकवणार. "नवीन आलंय का?" तिने विचारलं. "लॅटिन होतं तेव्हा आम्ही काय म्हणतोय ते आम्हाला कळत नव्हतं. पण भांडण होत नव्हतं."

पात्रं नव्या नियमांत बसेपर्यंत संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. पहिला रविवार संपला. भुयारात आम्ही एक पाऊल टाकलं नव्हतं.

दुसरी घोषणा झाली. मी म्हटलं, आता गाडी धावेल. आम्ही दार उघडलं. दारामागे एक उंदीर होता. मोठा, कुत्र्याएवढा, पण उंदीर. जुन्या आवृत्तीत शिपाई म्हणाला असता, लाथ मारतो. पिशवीतून आकडा निघाला असता. उंदीर गेला असता. नव्या आवृत्तीत आधी उंदीर आम्हाला बघून दचकला का, त्याचं कोष्टक. मग आम्ही दचकलो का, त्याचं. मग अंतर. मग उजेड. मग शिपायाची तलवार उंदराच्या कातडीवर कशी लागू होते, ते पान मला सापडेना. दोन नंबरच्या पुस्तकात म्हटलेलं तीन नंबरचं बघा, तीन नंबरमधे म्हटलेलं एक नंबरचं. ह्याच कारणासाठी मी जुन्या पुस्तकाला नावं ठेवली होती, पण ते निदान पातळ होतं, लवकर हार मानायला यायची.

"मास्तर," शिपाई म्हणाला, "उंदीर म्हातारपनाने मरेल."

"मी झोपेचा मंत्र म्हणते," जादूगारीण म्हणाली. "झोपू दे त्याला, आपण पुढे जाऊ."

मी पान उलटलं. नव्या आवृत्तीत मंत्राला सामान लागतं. चिमूटभर वाळू आणि जिवंत नाकतोडा.

"तुझ्याकडे नाकतोडा आहे का?"

"आत्ता?"

"पात्राकडे. सामानात लिहिलेला."

"नाही लिहिला. तीन वर्षं नाही लागला म्हणून नाही लिहिला."

मंत्र वाया गेला. पुढच्या फाशात उंदराचा आकडा मोठा आला आणि तो आधी धावला. जुन्या पाळीप्रमाणे पायरीला ती बसली होती, पहिला हात तिचा असता. उंदराने जादूगारणीच्या पायाला चावा घेतला. चाव्याने काही झालं नसतं, पण नव्या आवृत्तीत उंदराच्या चाव्याचं वेगळं कोष्टक होतं, रोगाचं. मी फासा टाकला. जो आकडा पडायला नको तोच पडला. मी शिक्षक माणूस, पडला तो मोठ्याने वाचला.

"मेली," मी म्हटलं.

"कोण मेलं?" आई आतून धावत आली. तिला समजावून परत पाठवण्यात थोडा वेळ गेला.

"बरं," पुजारी बाह्या सारत म्हणाला. "मी उठवतो. पुजारी त्याला उठवू शकतो. पाठ आहे मला."

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. आमची जादूगारीण माणूस नव्हती. ती रानात राहणाऱ्या, लांब कानांच्या, शेकडो वर्षं जगणाऱ्या जातीतली होती. तिने पहिल्या दिवशी ते कान आवडले म्हणून घेतलेले. नव्या आवृत्तीत बारीक टाइपात एक ओळ होती. लांबकान्यांना आत्मा नसतो, सबब त्यांना उठवता येत नाही.

मी ती ओळ वाचून दाखवली. आई परत दारात उभी होती.

"आत्मा नाही?" आई म्हणाली. "कुणी ठरवलं? फादरना विचारलंस?"

"अगं आई, खेळातलं आहे."

"मग खेळातल्या फादरना विचार. हा बसलाय की," तिने पुजाऱ्याकडे बोट केलं.

"माझं मत आहे, आत्मा आहे," पुजारी लगेच म्हणाला.

"तुझ्या मताचा प्रश्न नाही, पुस्तकात..."

"मास्तर." जादूगारणीचा आवाज वॉर्डातला होता, हट्टी पेशंटला गोळी देतानाचा. "उठव तिला."

आता माणसाला अशा वेळी काय सुचावं? एक वाक्य पुरलं असतं. बरं, उठली. पण ते वाक्य जुन्या पुस्तकात होतं, आणि जुनं पुस्तक मी रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं होतं. मी म्हटलं, "एकदा नियम मोडला की त्याला नियम म्हणता येत नाही." वर्गात कॉपी धरली की मी हेच वाक्य म्हणायचो.

ती उठली. पिशवी काखेला मारली, चपला घातल्या. आईला म्हणाली, "येते, काकू." शिपायाने जाता जाता मला ऐकवलं, "मास्तर, त्या उंदराला तरी आत्मा हाय का बघ. नाहीतर दोस्ती कर त्याच्याशी."

त्या आठवड्यात मला पश्चात्ताप झाला असं सांगायला आवडलं असतं. मला पश्चात्ताप झाला नाही, मला अभ्यास झाला. सुंभ जळाला तरी पीळ कसा जाणार? मी तिन्ही पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून वाचली, लांबकान्यांसाठी कुठेतरी पळवाट असेलच म्हणून. आणि होती! तीन नंबरच्या पुस्तकाच्या शेवटाकडे पुनर्जन्माचा विधी. मृताला नवं शरीर मिळतं. कुठलं, ते कोष्टक ठरवतं. नियमही शाबूत, जादूगारीणही परत. माझ्या बुद्धीवर मीच खूश झालो. वेळ वाचावा म्हणून तिच्या वतीने फासासुद्धा मीच टाकून ठेवला.

तिसरी घोषणा झाली. हरकत नाही. दुपारी मी ओट्यावर पुस्तकं मांडून बसलो. पायरीवर कुणी आलं नाही. ऊन पायरीवरून ओट्यावर आलं, आई दुपारची झोप काढून उठली, तरी कुणी आलं नाही.

"ती बाहेर नाही पडणार आता," आई म्हणाली. "लग्नाच्या पोरीला ह्या दिवसांत घरातच ठेवतात. तूच जा."

मी तीन पुस्तकं काखेत मारून शेजारी गेलो. अंगणात मांडवाच्या वाशांचा ढीग पडला होता. ओटीवर तिघं बसली होती, मधे सुपात सोललेला लसूण आणि त्याच्याशेजारी हाऊजीची पिशवी. शिपाई सूत्रधाराच्या जागी होता. त्याच्यासमोर नकाशा नव्हता, पुस्तक नव्हतं, कागदाचा कपटाही नव्हता. पायरीला लागून जादूगारीण.

"तू मेलेली आहेस," मी म्हटलं. लग्न चार दिवसांवर आलेल्या मुलीच्या घरात शिरताना हे पहिलं वाक्य. आतल्या खोलीत तिच्या आईच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"उठवलं मी," पुजारी म्हणाला. "कोयताही घेतलाय परत."

"पण मी कायदेशीर मार्ग शोधलाय!" मी तीन नंबरचं पुस्तक उघडलं. "पुनर्जन्म. फासाही टाकलाय. तू येतेस परत."

"काय म्हणून?"

"बदक."

लसूण सोलणाऱ्या तिघांचे हात थांबले.

"बदकाला मंत्र म्हणता येतो?" तिने विचारलं.

"मंत्र नाही येत. पण पोहण्याचे गुण चांगले आहेत."

"बस, मास्तर," शिपाई म्हणाला. "बस तिकडं. मधे बोलू नको, तळाला आलोय आमी."

मी बसलो. पायरीपासून सर्वांत लांबची जागा रिकामी होती. शिपायाने आपल्या मनाने तळ केला होता, आणि त्याचा तळ म्हणजे मिठागर. जमिनीखाली पांढरंशुभ्र, क्षितिजापर्यंत मीठ, आणि त्या मिठाच्या राशीवर एक म्हातारा अजगर. खजिना नाही, सोनं नाही. अजगर मिठाची राखण करतोय, कुणी ठेवलं ते तो विसरलाय, आणि डोळ्यात मीठ जातं म्हणून शेकडो वर्षं त्याला झोप नाही. "त्याला खायचं नाय कुनाला," शिपाई म्हणाला. "त्याला नुस्ती झोप पायजे."

जादूगारणीने हातावरची लसणाची सालं झटकली. आधी तिने अजगराचे डोळे धुऊन काढले, गोड्या पाण्याने, पुजाऱ्याला मशाल धरायला लावून. सगळं तोंडाने, पण तिचे हात हलत होते. मग तिने तिचा एकुलता एक मंत्र म्हटला. नाकतोडा कुणी मागितला नाही. पिशवीत हात घातला आणि सात काढला. सात म्हणजे फसल्यात जमा. शिपायाने आकड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"अजगर थकलेला हाय," तो म्हणाला. "सातला झोपतो."

आणि अजगर झोपला. तीन वर्षं उतरून ती तळाला पोचली, आणि कुणालाही न मारता. पुजाऱ्याने मशालीचा वाटा म्हणून मूठभर मीठ मागून घेतलं, ते त्याला मिळालं.

इथे मी गप्प बसून लसूण सोलायला हवा होता. पण खरा नकाशा माझ्या खिशात होता ना!

"हा काही खरा तळ नव्हे," मी म्हटलं. "खरा माझ्याकडे आहे. अजून उजेड आहे, खेळून टाकू."

"आता नाही," ती म्हणाली. "मेंदी काढायला बायका यायच्या आहेत." मग तिला दया आली असावी. "बरं, सांग तरी. काय होतं तुझ्या तळाला?"

मी नकाशा उलगडला. तीन वर्षं जपलेलं गुपित. आवाज आपोआप खाली गेला. तळाला लोखंडी दार. दारावर कोरलेला लेख. त्याचं उत्तर बरोबर दिलं तरच दार उघडतं, चुकलं तर छत कोसळतं.

"लेखात काय?" पुजाऱ्याने विचारलं.

"एक हौद आहे. एक नळ तो हौद सहा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत. तळाचा तिसरा नळ भरलेला हौद बारा तासांत रिकामा करतो. तिन्ही एकदम सोडले तर..."

"गणित?" ती म्हणाली. "एवढी वर्षं मी गणिताकडे उतरत होते?"

"सोपं आहे. लसावि काढायचा."

तिने सूप उचललं आणि आत जायला वळली. "बरं झालं, मास्तर," ती म्हणाली, "उंदराने वरच चावलं."